रिकाम्या कॅमेऱ्यापुढे हसलेला सत्यवान

माझा थोरला भाऊ दत्ताराम. घरात तो भाई, आणि आमचं ऐकून साऱ्या मालवणाचाही भाईच. बाजारात लग्नामुंजीचे फोटो काढणारे दोघे होते, त्यांची दुकानं बरी चालायची. भाईने दुकान घातलं नाही. मुंबईच्या एका साप्ताहिकाला तो कोकणातल्या माणसांच्या रोजच्या जगण्याचे फोटो पाठवी आणि ते छापून येत. छप्पन सालापासून सात-आठ वर्षं हे चाललं. आई कपाळावर हात मारून म्हणायची, "लोक नटून बसतत तेंचे फोटो काढूचे सोडून ह्यो चिखलात उभ्या रवलेल्यांचे काढता!" मला मात्र त्याचा अभिमान होता. रागही होता. दोन्ही अजून आहेत.

आगबोटीतून हलत्या होडीत उतरताना पोर काखेत घट्ट धरलेली आई, देवगडला आंब्याच्या पेट्या डोक्यावर घेऊन कंबरभर पाण्यातून चाललेले गडी, भातलावणीला तरव्याच्या, म्हणजे रोपांच्या, पेंढ्यांत वाकलेल्या बायका. ते अंक मी अजून पेटीत जपून ठेवलेत. कधी उघडले की त्या काळाचा वाससुद्धा येतो, शप्पथ. आता आगबोट बंद झाली आणि त्या बायकांतली एकही उरली नाही.

नवरा गेल्यावर मी चोविसाव्या वर्षी माहेरी परत आले होते. रडत बसू नये म्हणून भाईने मला कामाला जुंपलं. भाताच्या कोठीच्या खिडकीला गोधडी ठोकून त्याने भरदुपारी अंधार केला होता. तिथे तो कागदावर चित्र उठवायचा आणि मी विहिरीचं पाणी घंगाळात ओतून ते कागद धुवायची. माझ्या हातांना त्या औषधाचा असा वास यायचा, की मी थापलेली भाकरी खाताना घरातले नाकं मुरडायचे. भाई तेवढा दोन जास्त मागून घ्यायचा.

त्याचं खरं नाव झालं ते रापणीच्या फोटोंनी. रापण म्हणजे होडीने समुद्रात सोडून मग किनाऱ्यावरून दोन्ही टोकांनी ओढायचं लांबलचक जाळं. दांडीच्या किनाऱ्यावर पंचवीस-तीस माणसं उघड्या अंगाने ते ओढायची. तिथला तांडेल परशुराम, म्हणजे रापणीचा म्होरक्या, मोठा कडक माणूस. त्याने भाईला पहिल्याच दिवशी बजावलं, "जाळा पाण्यात आसा तवसर कोणाच्या तोंडाचो फोटो काढूचो नाय. म्हावऱ्याक दिष्ट लागता. मागे उभे रवा आणि काय व्हया ता काढा."

भाई मागे उभा राहिला. ताणलेल्या पाठी, दोराने सोललेले खांदे, वाळूत रुतलेल्या टाचा. साप्ताहिकवाले बेहद्द खूश झाले. पत्र आलं की कष्ट पाठीवरच दिसतात, असेच आणखी पाठवा. झालं, आमचे बंधुराज पाठींचे फोटोग्राफर झाले.

जाळं वर आलं की तांडेलाची बंदी उठायची. माणसं खाऱ्या पाण्याने तोंडं धुऊन, केस चापून भाईपुढे उभी राहायची. "भाईनू, आता आमचो काढा!" फिल्म तेव्हा परदेशी, मिळायची मारामार. मुंबईला कळवल्यावर कधी महिन्याने दोन-चार रोळ यायचे. तोंडांवर ते घालवायला भाई तयार नव्हता, आणि नाही म्हणायचं धैर्यही नव्हतं. मग रोळ संपला की तो तसाच रिकामा कॅमेरा रोखायचा, "हनुवटी वर, जरा हसा" म्हणायचा आणि कळ दाबायचा. खट्. माणसं खूश. आम्ही दोघं त्याला कोरा फोटो म्हणायचो. घरी येऊन तो नक्कल करायचा आणि मी पोट धरून हसायची. तेव्हा हसले, हे मी कबूल करते.

एकसष्ट सालच्या जानेवारीत मी भाईची पेज घेऊन किनाऱ्यावर गेले होते. रापणीवरचा सत्यवान चार महिन्यांची मुलगी घेऊन आला. तांडेलाकडून मागून आणलेला पांढरा सदरा अंगात, बाह्या आखूड. "भाईनू, चेडवाबरोबर एक काढा." सकाळीच रोळ संपल्याचं मला ठाऊक होतं. भाईने त्याला उन्हाकडे वळवलं, मुलीचं टोपरं सरळ करायला लावलं. सत्यवान एवढा हसला, की बाजूच्या पडलेल्या दाताची फट दिसली. खट्. नंतर दोन-तीनदा त्याने विचारलं. भाई म्हणाला, मुंबईहून येईल.

मेच्या अखेरीस वारा अचानक फिरला आणि जाळं सोडायला गेलेली होडी उलटली. बाकीचे पोहून आले. सत्यवान सापडलाच नाही.

दिवसकार्य झाल्यावर त्याची बायको नर्मदा आमच्या ओटीवर येऊन बसली. मांडीवर मुलगी. "भाईनू, तेंचो फोटो न्हेवक इलंय. दुसरो फोटो खंय नाय. चेडवाक बापूस कसो होतो ता दाखवूचा आसा."

भाई म्हणाला, "शोधतो." अकरा दिवस त्याने पाच वर्षांचे सगळे नेगेटिव्ह उजेडाला धरून पाहिले. कुठेतरी, कोणाच्या मागे, ओझरतं तरी सत्यवानाचं तोंड आलं असेल म्हणून मीही पाहत होते. सात ठिकाणी सत्यवान सापडला. सातही ठिकाणी पाठ. माझ्या माणसाचा लग्नातला फोटो माझ्या पेटीत आहे. तो नसता तर मी काय केलं असतं, हा विचार मला त्या अकरा दिवसांत सोडेना.

बाराव्या दिवशी नर्मदा आली, तेव्हा भाईने तिला खरं सांगितलं. मान खाली घालून सांगितलं, पण सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मगे तो इतको येळ हसत उभो रवलो, तो कोणाक बघून?"

मी पुढे होऊन ते सात फोटो तिच्यापुढे मांडले. डाव्या खांद्यावर दोराचा जुना घट्टा होता, त्यावर तिने बोट ठेवलं. "ह्यो." तेवढा एक पदराखाली धरून ती गेली. पुढे तिच्या घरी गेले तेव्हा पाहिलं, भिंतीवर तो लावलेला, वर अबोलीच्या फुलांचा वळेसर घातलेला. सगळ्यांच्या घरी गेलेली माणसं भिंतीवरून आपल्याकडे बघतात. हिचा माणूस समुद्राकडे बघत होता.

भाईने त्यानंतर कोरा फोटो काढला नाही. जो मागेल त्याच्या तोंडाचा फोटो काढायचा आणि हातात द्यायचा. साप्ताहिकाला ही तोंडं नको होती, त्यांनी गठ्ठा परत पाठवला.

बासष्टच्या पावसात नांदगावच्या बाजूला ओढ्याला पूर येऊन एक वाडी वाहून गेली. भाई आठ दिवस चिखल तुडवून आला. बऱ्याच दिवसांनी साप्ताहिकाची तार आली होती, मुखपृष्ठावर छापू म्हणून. पुराचे सगळे फोटो कॅमेऱ्यातल्या रोळावर होते, एकच काढायचा शिल्लक होता, आणि तेवढ्यात अंगणात नर्मदा उभी. मुलगी बोट धरून, नव्या परकरात.

"हिचो एक काढा," ती म्हणाली. "पण आधी ती पेटी उघडा. आत फिल्म आसा ती माका दिसांदे."

मी हात आडवा घातला. "नर्मदे, उजेड लागलो तर आतला सगळा जळतला गो! आठ दिवसांचा काम आसा!"

"तेव्हाय तुमका सगळा ठावक होता," ती माझ्याकडे बघून म्हणाली.

भाईने कॅमेऱ्याची पाठ उघडली. नर्मदा वाकून बघू लागली. "ह्यो तर कागद. फिल्म खंय?" फिल्मच्या मागे काळा कागद असतो, तोच दिसत होता. भाईने रोळ बाहेर काढला आणि भर उन्हात सरसर उलगडत नेला. वाहून गेलेली वाडी, छपरावर बसलेली म्हातारी, सगळं माझ्या डोळ्यांदेखत गेलं. "ही फिल्म," तो म्हणाला. मग कपाटातून शेवटचा रोळ आणून त्याने तिच्यासमोर चिकटपट्टी फाडली, भरला, पाठ बंद केली.

नर्मदा मुलीपाशी बसली, तिचे केस सारखे केले. "हस गो बाय," ती म्हणाली. "आता कॅमेरो भरलेलो आसा."

भाई कॅमेऱ्याच्या वरच्या काचेत वाकून बघत राहिला. त्याला काही दिसत नव्हतं, डोळे भरले होते. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "हसता आसा ती. दाब आता."