पानवाल्या बायकांची वाट

नवी वसाहत दिसली की मला चैन पडत नाही. मुलगा कौतुकाने रुंद रस्ते दाखवतो, झाडांच्या रांगा दाखवतो आणि मी फाटकाबाहेर जाऊन कामाच्या बायका आत कुठून येतात ते शोधत बसतो. गवत कुठे तुडवलेलं आहे, कुंपणाची तार कुठे वाकवलेली आहे, ते बघतो. बायको म्हणते, "यांच्या पायाला भिंगरी आणि डोक्याला भुंगा." खरं आहे तिचं. हा भुंगा साठच्या दशकात लोणावळ्यात लागला, तो अजून गेलेला नाही.

तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. एका खासगी सर्व्हेयरच्या कचेरीत नकाशे काढायचो. नोकरी कच्ची होती. बाजारामागच्या टेकडीवर मुंबईच्या लोकांसाठी बंगल्यांची वसाहत व्हायची होती आणि तिचा आराखडा आमच्याकडे होता. साहेबांनी मला सांगून ठेवलं होतं, "हे एवढं निर्विघ्न पार पडू दे, तुला कायम करतो." इकडे आंबी गावच्या एका मुलीशी माझी सोयरीक जमत आली होती, पण मुलीचे वडील नोकरी पक्की झाल्याशिवाय सुपारी फोडायला तयार नव्हते.

मी राहायचो टेकडीपलीकडे, वाडीच्या कडेला एका खोलीत. रोज सकाळी वाडीतल्या बायकांच्या मागोमाग एका पायवाटेने बाजारात उतरायचो. त्यांच्या डोक्यावर पळसाच्या पानांचे भारे असायचे, खाणावळींना पत्रावळींसाठी. वीस मिनिटांत आम्ही खाली. त्या वाटेवर एकही पाऊल फुकट जात नव्हतं. चढ जिथे छातीवर येईल तिथे ती आपसूक तिरकी व्हायची, जिथे ऊन तिथे जांभळीखालून जायची. मधल्या वळणावर डोक्याइतक्या उंचीचा एक दगडी कट्टा होता. बाईने त्याला नुसतं टेकायचं आणि भारा कट्ट्यावर सरकवायचा, की मान मोकळी. परत उचलताना कोणाला हात लावायला बोलवायला नको. ही अक्कल कोणत्या इंजिनिअरची होती, देव जाणे.

मी आराखड्यात पहिल्यांदा ती वाटच काढली. पेन्सिलीने, तुटक तुटक रेघ. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला.

"हे काय?"

"वाडीची वाट आहे, साहेब. रोजची वहिवाट आहे."

"कोणाच्या सातबाऱ्यावर आहे? गावनकाशात आहे?"

"नाही."

"मग नाही. चार प्लॉट मधोमध चिरतोयस तू. अरे, बंगल्यात राहणारा माणूस मोटारीने येतो. आपला चांगला चाळीस फुटी रस्ता आहे ना, टेकडीला वळसा घालून? त्या बायकाही येतील त्यावरून."

तो रस्ता मीच आखला होता आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्व होता. दोन मोटारी आरामात शेजारून जातील अशी वळणं, कुठे अवघड चढ नाही. पण मोटारीला चढ झेपावा म्हणून तो दोन मैल फिरत गेला होता. डोक्यावर भारा घेतलेल्या बाईला दोन मैल म्हणजे काय, ते मला माहीत होतं. साहेबांच्या देखत मी रबर घेतलं आणि वाट पुसली. मग ट्रेसिंगच्या कापडावर शाईने नकाशा उतरवला.

नकाशा कचेरीच्या ओसरीवर टांगला. कोणाची हरकत असेल तर तीस दिवसांत लेखी द्यावी, अशी खाली सूचना. ती वाचायला एक पेन्शनर तेवढे आले.

टेकडीवर खुंट्या ठोकल्या, तेव्हा बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. त्यांच्यात एक मावशी होत्या, पन्नाशीच्या, सगळ्यांच्या पुढे चालणाऱ्या. त्यांचं सगळं घर त्या पानांवर चालायचं. एका सकाळी कट्ट्यापाशी त्यांनी मला थांबवलं.

"भाऊ, ह्या खुंट्या कशापायी?"

मी सांगितलं.

"मंग आमची वाट?"

मला त्या क्षणी 'वाट नाही' असं सांगता आलं असतं. तेवीस दिवस बाकी होते. हरकतीचा कागद मीच लिहून त्यांचा अंगठा घेतला असता, तर साहेबांना तो दाबता आला नसता. पण साहेबांनी माझं अक्षर लांबूनही ओळखलं असतं. मी म्हणालो, "वाट आहे की नकाशात."

"तुमी काडलाय म्हंजे असंलच. पर एकडाव दावा. बायास्नी सांगाया बरं."

त्याच दुपारी बाजार आटोपून त्या ओसरीवर आल्या. साहेब पुण्याला गेले होते. मावशींनी बोट पदराला पुसलं आणि नकाशापुढे उभ्या राहिल्या, देवळात राहावं तशा. "कुटं हाय?"

वाटेच्या बाजूने एक ओढा वाहायचा. त्याची नागमोडी रेघ मी फार निगुतीने काढली होती. मी त्यांचं बोट धरून त्या रेघेवर ठेवलं. "ही."

त्यांनी बोट वरून खालपर्यंत सावकाश फिरवलं. "व्हय व्हय, अशीच वळती," म्हणाल्या आणि हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आज सांगतो, उद्या सांगतो, असं करत तेवीस दिवस काढले. रात्री झोप नाही, दिवसा शाईचे डाग पाडायचो. वाटेने उतरायचंही सोडलं, मोटाररस्त्याच्या नुकत्या पडलेल्या खडीवरून एकटा फिरून यायचो.

मुदत संपली. आठवड्यात टेकडीला काटेरी तार पडली. पहिल्याच दिवशी बायका वळसा घालून बाजारात पोचल्या तेव्हा ऊन वर आलं होतं आणि पानं माना टाकून बसली होती. खाणावळवाल्यांनी भारे तसेच परत केले. बायका तशाच्या तशा कचेरीत आल्या. पुढे मावशी.

"सायेब, वाट कागदावर हाय. तार काडाया सांगा."

साहेबांनी नकाशा टेबलावर पसरला. "दाखव."

मावशींनी क्षणभरही शोधलं नाही. बोट नेमकं त्या रेघेवर ठेवलं. साहेब मोठ्याने हसले.

"अगं बाई, हा ओढा आहे! वहिवाट होती तर महिनाभरात हरकत का नाही घेतली? आता मुदत गेली." मग त्यांचं हसू ओसरलं. "ही वाट आहे म्हणून तुला सांगितलं कोणी?"

मी माझ्या टेबलाशी होतो, चार हातांवर. रेघा ओढायचं रूलिंग पेन हातात तसंच धरलेलं. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. कच्च्या नोकरीचं त्यांना ठाऊक होतं, चालता चालता मीच केव्हातरी बोललो होतो.

"कुनी न्हाई, सायेब," त्या म्हणाल्या. "माजीच नजर चुकली. मला कुटं वाचाया येतंय."

त्या बाहेर पडल्या आणि ओसरीवर सगळ्या बायका त्यांच्यावर तुटून पडल्या. "तूच म्हनलीस ना, बोट लावून आले म्हून? तुज्यापायी गप ऱ्हायलो आमी!" खिडकी उघडी होती, शब्द न् शब्द आत येत होता. मावशींनी तिथेही माझं नाव घेतलं नाही. मी जागचा उठलो नाही.

पुढच्या महिन्यात साहेबांनी मला कायम केलं.