फाटकाच्या रंगाची रेघ

एडना कूम कुंपणाआड दुपटी वाळत घालत होती, म्हणून ते भांडण तिला पहिल्या शब्दापासून ऐकायला मिळालं. वॉलाफोर्डच्या पाणंदीत दोन्ही बाजूंना माणसाहून उंच बांध, आणि मध्ये जेमतेम एका गाडीपुरता रस्ता. समोरासमोर दोघं आले की एकाने मागे जाऊन बांधात कोरलेल्या खोबणीत शिरायचं आणि दुसऱ्याला वाट द्यायची. ज्याच्यामागे ट्रेलर आहे, त्याने हलायचं नाही. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

"मागे घ्या तो ट्रॅक्टर!" बाईचा आवाज.

"मागे ट्रेलरमध्ये मेंढ्या आहेत, नर्सबाई. तुम्ही घ्या."

"तुमच्या मागे मेंढ्या आहेत, माझ्या पुढे बाळंतीण आहे. मेंढ्या थांबतील, मूल थांबायचं नाही!"

"मग भांडत कशाला बसता? खोबण तुमच्या पाठीशीच आहे."

"कोण भांडतंय?"

"मी तर नाही. मेंढ्याही गप्प आहेत."

आणि मग तीच बाई, पण आवाज पार खाली आलेला, "मला मागे घेता येत नाही."

"काय?"

"ऐकू आलंय तुम्हाला. येत नाही मला मागे घेता. परीक्षा घेणारा म्हातारा दयाळू होता म्हणून पास झाले."

हसू दाबायला एडनाने ओलं दुपटं तोंडात कोंबलं. पलीकडे कुणीतरी ट्रॅक्टरवरून उतरलं, गाडीचं दार उघडलं, आणि आयव्हर हॅनाफर्डने त्या बाईला पहिल्यांदा अगं-तुगं केलं. "सरक, पोरी."

आयव्हरचे बूट पाटाएवढे आणि गाडी अशी नाजूक, की दोन बोटांनी हाकावी. मागे घेताना त्याने गाडीची डावी कूस खोबणीजवळच्या दगडी खांबाला अशी घासली, की मेंढ्यासुद्धा ओरडल्या. त्यावर नर्सबाई एवढंच म्हणाल्या, "आधी बाळंतपण उरकते. मग तुमच्याकडे बघते."

रविवारी तो ब्रश घेऊन हजर. फाटकं रंगवून उरलेला डबाही बरोबर आणलेला. गाडी होती बाटलीच्या काचेसारखी गर्द हिरवी आणि फाटकाचा रंग पोपटी. "हिरव्याला हिरवा," म्हणून त्याने ओरखड्यावरून ब्रश फिरवला, चाकापासून दारापर्यंत. नर्सबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. पुढच्या वसंतात दोघांचं लग्न झालं.

ती नर्स म्हणजे थेल्मा. मावशीने मरताना बऱ्यापैकी पैसे मागे ठेवले, तेव्हा लोकांना वाटलं ही घराची सोय करील. हिने दोन दारांची, मागे उतरत्या छपराची स्पोर्ट्स कूपे आणली. पाद्र्याची बायको म्हणाली, "नर्सला शोभत नाही." थेल्मा म्हणाली, "शहाणपणाची कामं आठवडाभर करते, बाई. एक तरी वेडेपणा नको का?"

मात्र तो वेडेपणा तिने बैलासारखा राबवला. मागच्या फळीवर कधी बाळंतपणाची पेटी, कधी आई मेलेलं कोकरू, कधी चर्चमधल्या सुगीच्या सणाचे भोपळे. एका कोकराने खुराने सीट फाडली, ती तिने दवाखान्यातल्या टाक्यांनी शिवली. गाडी धुवायचं काम पावसाकडे. त्या मुलखात पाऊस कामचुकार नाही, त्यामुळे चाललं. नवा रंग नाही, नवं कातडं नाही. इंजिन तेवढं वेळच्या वेळी बघून घ्यायची. "माणसाचंही तसंच," म्हणायची, "आतलं सांभाळा, वरचं असू द्या."

आणि मागे जाणं तिने कधीच केलं नाही. पाणंदीत ते हिरवं नाक दिसलं की दूधवाला, पोस्टमन, अगदी नवा पाद्रीसुद्धा निमूट मागे सरकायचा. ती चाकावरचं एक बोट उचलून आभार मानायची. आयव्हर जवळच्या शेतात असला, तर काम टाकून बांधावरून उडी मारून यायचा आणि म्हणायचा, "सरक, पोरी." गुडघे गेले, उडी गेली, तरी यायचा. फाटक उघडून, काठी टेकत, सावकाश. समोरचे लोक इंजिन बंद करून थांबायचे. त्याला घाई करायला लावणं सगळ्यांच्याच जिवावर येत असे.

नवऱ्यामागे एडना एकटी पडली. तिला गाडी येत नव्हती, म्हणून दर गुरुवारी थेल्मा तिला बाजारच्या गावी न्यायची. आधी वाचनालय, मग केस करून घेणं, मग चहा आणि केशर घातलेले गोड पाव. एडनाला पुस्तकाचं वेड नव्हतं, शाळेशी तिचं लहानपणीच फाटलं होतं. ती जायची गाडीत बसायला.

तीन हिवाळ्यांमागे आयव्हर गेला. आणि या वर्षी परवाना पुन्हा करून घ्यायची वेळ आली, तेव्हा थेल्मा म्हणाली, "नाही करत. संध्याकाळी बांध कुठे संपतो आणि रस्ता कुठे सुरू होतो, कळेनासं झालंय. कुणाला इजा होण्याआधी थांबते." मागच्या काचेवर पुठ्ठा लागला, 'विकणे आहे.'

"पुठ्ठ्यावर आणखी काही लिहायचं नाही?" एडनाने विचारलं.

"काय लिहू?"

"ती रेघ कुणी खरवडू नये, असं."

"गाडी विकल्यावर ती त्याची. त्याने गुलाबी करावी." थेल्माने किटली नको तेवढ्या जोरात आपटली. तिचा स्वभाव एडनाला पाठ होता. तोंडाने मागणार नाही, आणि रेघ गेली तर पुन्हा त्या खांबाकडे बघणार नाही.

पहिला आला तो शहरातला व्यापारी. पत्र्यात कुठे भर घातलीय का ते बघायला खिशातून लोहचुंबक काढून फिरवलं, वाकून खाली पाहिलं आणि खूश झाला. "काही केलेलंच नाही, मॅडम! अशा मिळत नाहीत. मी सगळं पत्र्यापर्यंत खरवडतो. सहा महिन्यांत कारखान्यातून निघाल्यासारखी दिसेल." त्याने सांगितलेला आकडा ऐकून एडनाला खुर्ची शोधावी लागली. मग गाडी चालवून बघायला म्हणून तो पाणंदीत गेला, आणि चाऱ्याचा ट्रेलर ओढणाऱ्या ट्रॅक्टरसमोर हॉर्न वाजवत बसला. पार कुंपणापर्यंत ऐकू येत होता.

"कळवते," थेल्मा त्याला म्हणाली. पुढे दोन दिवस तिने काही कळवलं नाही आणि धड जेवलीही नाही. शेवटी एडनाच म्हणाली, "हो म्हणायचं तर म्हण, नाहीतर खा तरी."

दुसरा शनिवारी आला, बाजारच्या गावच्या बेकरीतला. डेन्झिल वेब्बर, पन्नाशीचा, कानामागे पीठ तसंच. लहानपणी ही गाडी शाळेवरून जाताना बघायचा म्हणे. थेल्मा त्याच्या शेजारी बसली आणि एडना हट्टाने मागच्या फळीवर, कोकरांच्या जागी.

पहिल्याच वळणावर समोर दुधाचा टँकर. डेन्झिलने मुकाट्याने मागचा गिअर टाकला. गाडी वाकडी गेली. पुढे घेऊन पुन्हा मागे, तर आणखी वाकडी. त्याच दगडी खांबापासून हातभर अंतरावर त्याने ब्रेक दाबला. कान लाल झाले होते.

"मला नाही जमत, मिसेस हॅनाफर्ड. खरं सांगतो. ओरखडा पडेल."

थेल्माने खांबाकडे पाहिलं. मग दार उघडून खाली उतरली, समोरून वळसा घालून त्याच्या बाजूला आली.

"सरक, पोरा."

तिने एकदा आरशात पाहिलं, मान वळवली, आणि एका दमात गाडी खोबणीत अशी नेऊन ठेवली, जशी कपाटात बशी ठेवावी. टँकरवाला ओळखीचा होता. जाताना त्याने टोपीच काढली.

एडना मागून पुढे वाकली. "म्हणजे तुला येत होतं?"

"नर्स होते मी. उलटी बाळं सोडवलीत. एवढं शिकायला किती दिवस लागतात?"

"कधी शिकलीस?"

"लग्नाच्या आधीच. रात्रपाळीहून येताना, रिकाम्या रस्त्यावर."

"आणि जन्मभर माणसाला बांधावरून उड्या मारायला लावल्यास!"

"त्याला आवडायचं, एडना. धापा टाकत यायचा, आणि गाडी मागे नेली की वाघ मारल्यासारखा बघायचा माझ्याकडे." ती चाकावरून अंगठा फिरवत होती. "तेवढं नको का ठेवायला माणसाला?"

मागे भोपळ्यासारख्या बसलेल्या एडनाने नाक पुसलं. थेल्मा तोंडाने विचारणार नव्हती, म्हणून मग तीच बोलली. "काय रे डेन्झिल, ही डाव्या बाजूची रेघ बघितलीस का? तिचं काय करणार तू?"

"बघितली. फाटकाचा रंग दिसतो."

"फाटकाचाच आहे," थेल्मा समोर बघत म्हणाली. "माझ्या नवऱ्याने लावलाय."

"ब्रशने?" डेन्झिलने विचारलं.

"माझ्यासमोर त्याला नावं ठेवू नकोस."

डेन्झिल हसला, मग ओशाळला. "गाडी घेतली की माझ्याकडे रंगाला काही उरणार नाही, बाई. आहे तशीच राहील. आणि रविवारी बायकोला समुद्रावर नेताना तिला सांगायला एक गोष्ट होईल."

"गुरुवार झाला की शुक्रवारी घेऊन जा," थेल्मा म्हणाली. त्या दिवशी घरी आल्यावर तिने मटण भरलेल्या दोन पेस्ट्या खाल्ल्या, एडनाची धरून.

गुरुवारी दोघी नेहमीच्या वेळी निघाल्या. वाचनालयात पुस्तकं दिली, केस झाले, केशरी पाव झाले. गोड जास्त नको म्हणता म्हणता एडनाने थेल्माचाही अर्धा पाव संपवला, आणि थेल्माने नेहमीप्रमाणे ते बघितलं नाही. परतीच्या वाटेला पाणंदीच्या तोंडाशी पोस्टाची लाल गाडी समोर आली. खोबण या वेळी थेल्माच्या अगदी पाठीशी होती, आणि पोस्टमनची पार मागे, वळणाआड.

एडनाने तिच्याकडे पाहिलं. थेल्माने गिअरच्या दांडीला हातही लावला नाही.

पोस्टमन मान हलवत मागे सरकू लागला, वळणाआड गेला, खोबणीत शिरला. खांब डाव्या हाताला मागे पडला. पोस्टमनजवळून जाताना थेल्माने चाकावरचं एक बोट उचललं.