बाईंच्या रानातली विहीर

भूकंपानंतर आमच्या दगडमातीच्या घरात झोपायचा कुणाला धीर होईना. वडिलांनी रानात पत्र्याची खोली टाकली अन् आम्ही तिथंच राहू लागलो. रान मात्र आमचं नव्हतं. अहमदपूरजवळची ती जमीन लातूरला शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंची. आजोबांपासून आम्ही ती बटईनं करायचो; निम्मं पीक त्यांचं, निम्मं आमचं. कागद कसलाच नाही. सातबाऱ्यावर पीक करणारा म्हणूनही आमचं नाव कधी लागलं नाही.

पुढं वडिलांनी ज्वारी कमी करून सोयाबीन धरलं आणि खोलीशेजारी विहीर खोदली. बाईंना विचारलं नाही. "विचारलं अन् न्हाई म्हणल्या तर?" एवढंच म्हणायचे.

दहावीला मला मार्क चांगले पडले. सगळेच लातूरच्या क्लासला निघालेले, मीही निघाले. राहायची सोय बाईंकडंच झाली. निघताना वडील म्हणाले, "विहिरीचं काढू नको बरं."

दीड वर्ष काढलं नाही. ताटात भाकरी वाढताना बाई विचारायच्या, "रान कसंय गं?" आणि मी "बरंय" म्हणून आमटीत भाकरी कुस्करत बसायचे.

बारावीच्या दिवाळीत बाई म्हणाल्या, "चल, मीही येते. कित्येक वर्षांत पाहिलं नाही." एसटीत मला राहवेना. चाकूर मागं पडलं तसं मी सांगून टाकलं, "बाई, तिथं आम्ही खोली बांधलीय. विहीरपण खोदलीय."

"माहितीय. तलाठ्यानं केव्हाच सांगितलंय."

वडील टोपी हातात धरून बांधावर उभे होते. बाई विहिरीत डोकावल्या. "पाणी किती हातांवर लागलं?"

"तीस. मधी खडकच लई."

बाईंनी काठावरचा खडकाचा एक तुकडा उचलून पाहिला. मग म्हणाल्या, "कागदावर तुमचं नाव आलं तर रान जाईल, असं आमच्या घरात सगळे म्हणायचे. मीही भ्यायले. पण तो खडक फोडायला आमच्यातलं कोण येणार होतं? उद्या तलाठ्याकडं जाऊ. पीक करणारे म्हणून तुमचं नाव लावून घेऊ."

वडिलांनी लगबगीनं बाज पुढं ओढली. "बाई, तुमी बसा तर," म्हणाले आणि स्वतःच तिच्यावर बसले. आईला हसू आवरेना.

काही वर्षांनी बाईंनी ते रान रीतसर आमच्या नावावर करून दिलं. पण मला आठवते ती तीच दुपार. आता लपवायचं काही उरलं नव्हतं; जेवून बाजेवर आडवी झाले, ती दिवेलागणीलाच उठले.