भाटाच्या वहीत नसलेली आत्या

"तुमच्या हृदयाची भिंत जाड झालीय," डॉक्टर म्हणाले. घाबरायच्या आधीच मी विचारलं, "किती?"

मी नांदुऱ्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. फळ्यावर हृदयाची आकृती दरवर्षी काढते. जिना चढताना दम लागायला लागला म्हणून अकोल्याला गेले. आधी ईसीजी, मग इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. पडद्यावर स्वतःचं हृदय हलताना बघून मला चक्क हसू आलं.

आजाराचं नाव हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी. यात हृदयाचा स्नायू जाड होतो. श्रम करताना रक्त बाहेर पडायला अडथळा येऊ शकतो, आणि कधीकधी ठोके एकदम बिघडून माणूस उभ्याउभ्या जातो. आईवडिलांपैकी एकाला असला, तर प्रत्येक मुलात यायची शक्यता निम्मी. माझ्या वडिलांचा इको केला, त्यांच्यातही निघाला. त्रास मात्र काडीचा नव्हता.

"घरातल्या सगळ्यांची नावं आणा," डॉक्टर म्हणाले.

आमच्या गावात पिढ्यांची नावं लिहून ठेवणारे भाट येतात. त्यांच्या वहीवरून भावाने सात पिढ्या उतरवून घेतल्या होत्या. तो कागद मी ऐटीत टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी वाचला आणि विचारलं, "यात बायका कुठे आहेत?"

मी ओशाळले. विज्ञानाची बाई मी, आणि आजार आडनाव विचारून येतो असं समजत होते!

वडिलांची धाकटी बहीण सुमन, माझी आत्या, रोहिणखेडला दिलेली. ऐन तिशीत, भर उन्हाळ्यात शेतात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटताना कोसळली. ऊन लागून गेली, असंच आम्ही म्हणत आलो. तिची मुलगी चित्रा आता बावीस वर्षांची, आणि पोलीस भरतीसाठी रोज पहाटे धावत होती. आत्यालाही हाच आजार असला तर?

दुसऱ्याच दिवशी रोहिणखेड गाठलं. आत्याचे यजमान, आमचे मामा, चिडले. "पोरगी धडधाकट हाय. तिले काऊन डाग लावतं वं?"

"मले कायी होत नाही, ताई," चित्रा म्हणाली.

"मग इको कर अन् मले खोटं पाड."

पोरगी जिद्दीची. अकोल्याला आली, मागोमाग मामाही आले.

तिच्या हृदयाची भिंत माझ्यापेक्षा जाड निघाली. धावणं बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं. फाइल माझ्या मांडीवर टाकून ती बाहेर निघून गेली. आजार मीच तिला दिला, असं मला वाटलं. मामा जागचे हलले नाहीत.

"साहेब, तिच्या मायले बरं नव्हतं त्या दिवशी. तरी उन्हात मीच धाडलं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. "आता खात्रीनं सांगता येणार नाही. पण मूळ हाच आजार असावा. तुम्हाला तो दिसणं शक्यच नव्हतं."

मामा रुमालात तोंड लपवून रडले. इतकी वर्षं हे मनात ठेवून माणूस जगत होता आणि आम्ही कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

चित्रा दोन महिने माझ्याशी बोलली नाही. आता आम्ही दोघी इकोला बरोबर जातो. ती गोळ्या वेळेवर घेते, तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करते, आणि डॉक्टरांना माझ्याहून जास्त प्रश्न विचारते. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. तुमच्या घरी कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर सासरी गेलेल्या लेकींच्या घरीही चौकशी करा.

यंदा भाट आले तेव्हा मामा मुद्दाम रोहिणखेडहून आले, चित्राला घेऊन.

"लिहा, सुमन," ते म्हणाले. "ऊन लागून नाही, हृदयाच्या आजारानं गेली."

लेकींची नावं लिहायची रीत नाही, असं भाट पुटपुटले. पण मामांकडे बघून त्यांनी लिहिलं.

"आता त्याच्या खाली माहं लिहा," चित्रा म्हणाली. "मी हाय अजून."