नष्ट: पहा वही, पान नऊ

मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात रेकॉर्ड रूम होती आणि तिथे ताई बावीस वर्षं काम करत होत्या. नाव घेऊन त्यांना कुणी हाक मारत नसे. डॉक्टरांपासून झाडलोट करणाऱ्या मावशींपर्यंत सगळ्यांच्या त्या ताईच. वय सेहेचाळीस, चष्मा साखळीला अडकवलेला, आणि कुठलाही कागद शेवटून वाचायची सवय. ती सवय कामाने लावलेली. फायली तिथे नंबराच्या शेवटच्या दोन आकड्यांवर लावायच्या, त्यामुळे ताईंची नजर आधी शेपटाकडे जायची आणि मग तोंडाकडे.

दुसरा एक कायदा असा, की दहा वर्षांत ज्या फायलीला कुणी हात लावला नाही ती काढायची. पण काढायची म्हणजे नुसती फेकायची नाही. तिचा नंबर, नाव, तारीख 'नष्ट वही'त उतरवायची, खाली सही करायची, आणि फायलीच्या जागी पिवळी पट्टी खोचायची: नष्ट, पहा वही, पान अमुक. पुढे कुणी विचारत आलं तर निदान काय गेलं आणि कधी गेलं हे सांगता आलं पाहिजे.

हा कायदा ताईंनी घरातही आणला होता. लोखंडी कपाटात नंबर घातलेली फोल्डरं, दर वर्षी एकदा छाननी, आणि एक शंभरपानी वही. नवरा पाण्याच्या टाकीवर पंप चालवायचा, बोलायला जरा तिरकस. तो म्हणायचा, दहा वर्षं मी काही बोललो नाही तर मलाही पट्टी लावून मोकळी होशील. ताई म्हणायच्या, "अहो, तुम्ही दहा मिनिटं तरी गप्प बसून दाखवा."

तर त्या वर्षी रुग्णालयात एक पत्रक निघालं. यापुढे रेकॉर्ड रूमचा प्रमुख पदवीधरच हवा. प्रमुख मोठ्या बाई अडीच वर्षांनी निवृत्त होणार होत्या, आणि त्यांची खुर्ची ताईंकडे जाणार हे सगळे धरूनच चालले होते. ताईंचं शिक्षण मात्र कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापर्यंत. तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेचा फॉर्म भरला आणि आईला अर्धांगवायू झाला. तीन वर्षं आईचं केलं, मग आई गेली, मग लग्न, मग ही नोकरी. अपुरं राहिलेलं कॉलेज हा विषय ताईंनी स्वतःशीसुद्धा कधी काढला नव्हता.

मोठ्या बाईंनी पत्रक त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "तू डिग्री कर. नाहीतर बाहेरून कुणीतरी येईल. आठ महिने तू त्याला काम शिकवशील आणि नवव्या महिन्यात तोच तुझी रजा नामंजूर करेल."

मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिने आईला समोर बसवून सांगितलं की आता पदवी घरबसल्या होते, व्याख्यानं फोनवर ऐकता येतात, तुझ्यासारख्या कितीतरी बायका करतात. तिने तीन विद्यापीठांची माहितीपत्रकं छापून आणली. ताईंनी जुन्या फायलींची पुठ्ठ्याची कार्डं घेतली, एकेका विद्यापीठाला एकेक कार्ड दिलं, आणि माहितीपत्रकं सवयीप्रमाणे शेवटच्या पानापासून वाचायला घेतली.

तिथेच निम्मा निकाल लागला. पहिल्या विद्यापीठाची फी पहिल्या पानावर एवढीशी होती, पण शेवटच्या पानावर परीक्षेची फी वेगळी, पुस्तकांची वेगळी, आणि शेवटच्या सत्रात सहा आठवडे तिथे जाऊन राहायचं. सहा आठवडे रजा कोण देणार? दुसऱ्या विद्यापीठाला ताईंनी फोन केला. तिकडून गोड आवाजाच्या एका मुलीने सांगितलं की आज संध्याकाळपर्यंत ठरवलंत तर फीमध्ये मोठी सूट आहे. ताईंनी विचारलं, ही पदवी नोकरीत बढतीला चालते का, आणि परीक्षा कुठे होते. मुलगी म्हणाली, वरच्यांना विचारून सांगते. ताई म्हणाल्या, "विचारा आणि लेखी पाठवा. घाई नाही." लेखी काही आलं नाही. ते कार्ड बाजूला पडलं.

राहिलं तिसरं, सरकारी. फी माफक आणि सगळी एकाच आकड्यात, पदवीला मान्यता, रविवारी वर्ग, परीक्षा बसने अर्ध्या तासावर. आणि अगदी शेवटच्या पानावर, शेवटून दुसरी ओळ: पूर्वी उत्तीर्ण झालेली वर्षं मूळ गुणपत्रक दाखवल्यास धरली जातील.

ताईंनी ती ओळ दोनदा वाचली. दोन वर्षं धरली तर उरतं एकच. एका वर्षाची फी मुलीचं शिक्षण सांभाळूनही भागणार होती. पण नव्याने सुरुवात केली तर तीन वर्षं, आणि तोवर मोठ्या बाईंच्या खुर्चीत दुसरं कुणी बसून जुनं झालेलं असेल. सगळं दोन गुणपत्रकांवर येऊन थांबलं होतं, आणि अर्जाला दहा दिवस होते.

देवापुढे हात जोडून ताईंनी कपाट उघडलं. अकरा नंबरचं फोल्डर, शिक्षण. शाळेचा दाखला होता. त्याच्यामागे पिवळी पट्टी. अक्षर स्वतःचंच, ठसठशीत: नष्ट, पहा वही, पान नऊ.

ताईंना आठ वर्षांपूर्वी घर बदलताना केलेली छाननी आठवली. दहा वर्षांत हात लागला नाही, मग काढा. तेव्हा जराही जिवावर आलं नव्हतं, उलट कपाट हलकं झाल्याचं बरंच वाटलं होतं.

मुलीने पट्टी वाचली आणि हसू दाबत म्हणाली, "आई, तू स्वतःलाच रद्दीत घातलंस गं."

नवरा दारात उभा होता. एरवी त्याने अशी संधी सोडली नसती. त्या दिवशी तो एवढंच म्हणाला की कॉलेज तर अजून जागेवर आहे ना, मग जाऊन ये. डब्याचं मी बघतो.

ताई एक दिवसाची रजा टाकून तीन तासांच्या बसने माहेरच्या गावी गेल्या. पर्समध्ये ती शंभरपानी वही होती. कॉलेजच्या खिडकीआड एक वयस्क कारकून बसले होते. त्यांनी वर न बघताच सांगितलं, सव्वीस वर्षांपूर्वीचं काही मिळायचं नाही, नावावरून तर नाहीच, नियम आहे, इलाज नाही.

ताईंना वाटलं, हे वाक्य आपलंच. अगदी याच सुरात आपण कितीतरी लोकांना सांगितलं आहे. मागच्याच वर्षी एक म्हातारे गृहस्थ बायकोची फाईल मागत आले होते. औषधपाण्यासाठी नव्हे, तिची सही होती म्हणे एका कागदावर. ताईंनी त्यांना नियम सांगितला होता. ते बराच वेळ खिडकीशी उभे होते आणि ताई पुढच्या माणसाकडे वळल्या होत्या.

आता ताई खिडकीच्या बाहेरच्या बाजूला होत्या. त्यांनी विचारलं, "नावावरून नाही, मग कशावरून मिळतं?"

"बैठक क्रमांक लागतो. तो कुणाला आठवतोय इतक्या वर्षांनी."

ताईंनी वही उघडून पान नऊ त्यांच्यापुढे सरकवलं. दोन ओळी होत्या. वर्ष, बैठक क्रमांक, गुणपत्रकाचा क्रमांक, नष्ट केल्याची तारीख, सही. कारकुनांनी चष्मा कपाळावर चढवला, वही उलटून पालटून पाहिली. मग पहिल्यांदाच ताईंच्या तोंडाकडे पाहिलं.

"रद्दीत दिलेल्या कागदाची नोंद ठेवता तुम्ही? कुठे असता?"

"रेकॉर्ड रूमला. रुग्णालयात."

"मग बाहेर काय उभ्या? आत या."

दोघं माळ्यावर गेले. रजिस्टरं टेबलाएवढी, कोपरे वाळवीने खाल्लेले, पण क्रमाने लावलेली. कारकुनांची बोटं कशी चालतात ते ताई बघत राहिल्या. पहिलं वर्ष सापडलं, दुसरं सापडलं, आणि ताईंचा जीव भांड्यात पडला. मग कारकुनांनी बोलता बोलता आणखी एक रजिस्टर काढलं, तिसऱ्या वर्षाचं. ताई नको म्हणणार तोवर पान उघडलंही होतं. त्यांच्या क्रमांकासमोर सहा रकाने होते आणि सहाही रकान्यांत एकच शब्द होता. गैरहजर.

त्या आठवड्यात आईला पाणीही गिळता येत नव्हतं. चमच्याने ओठ ओले करत ताई उशाशी बसून होत्या. ते कुठल्या रकान्यात लिहायचं, आणि लिहिणार तरी कोण? ताईंनी त्या शब्दांवरून एकदा बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "बरोबर आहे नोंद."

मूळ प्रतीच्या जागी चालणारी दुय्यम गुणपत्रकं आठव्या दिवशी टपालाने आली. नवव्या दिवशी अर्ज गेला. महिन्याभराने विद्यापीठाचं उत्तर आलं: पहिलं वर्ष पूर्ण धरलं आहे, मात्र दुसऱ्या वर्षाचे विषय आता अभ्यासक्रमात नसल्याने ते वर्ष पुन्हा करावं लागेल. म्हणजे एक नव्हे, दोन वर्षं. मुलगी हिरमुसली. नवऱ्याने विचारलं, "मग काय करतेस?"

ताईंनी तिसरं कार्ड काढून मागच्या बाजूला आकडे मांडले. मोठ्या बाईंना अजून सव्वादोन वर्षं होती. दोन वर्षांत निकाल लागला तर तीन महिने हाती उरत होते, आणि एकाही विषयात मागे राहिलं तर काहीच उरत नव्हतं. दुसऱ्या वर्षाची फी मुलगी नोकरीला लागल्यावर ती भरणार होती, आणि हे तिने आईला विचारलं नाही, सांगून टाकलं.

"करते," ताई म्हणाल्या. "या वेळी हजर राहते."

आता रोज जेवणाच्या सुट्टीत ताई तळघरातून वर येतात, कारण खाली फोनला रेंज नाही. जिन्याच्या पायरीवर बसून कानात फोनची बोंडं घालून व्याख्यान ऐकतात. येणारे जाणारे डॉक्टर विचारतात, ताई, गाणी का? ताई म्हणतात, अर्थशास्त्र. आणि खिडकीशी कुणी दहा-पंधरा वर्षांपूर्वीचं काही मागत आलं तर नियम सांगण्याआधी म्हणतात, बसा, वहीत बघते.

गुणपत्रकं आली त्याच दिवशी ताईंनी ती अकरा नंबरच्या फोल्डरमध्ये घातली आणि पिवळी पट्टी काढली. मग नोंद करायला वही उघडली तर अडचण आली. नष्ट झालेलं परत आलं, हे लिहायला वहीत रकानाच नव्हता. रुग्णालयाच्या वहीतही नव्हता, कारण बावीस वर्षांत तशी वेळ कधी आलीच नव्हती.

ताईंनी मुलीकडून फूटपट्टी मागून घेतली, पान नऊच्या उजव्या कडेला सरळ रेघ ओढली, वर 'परत' असं लिहिलं, खाली तारीख घातली आणि सही केली.