थोरल्याच्या हाकेला ओ

थोरला बाबा म्हणजे माझ्या बाबाचा मोठा भाऊ. आम्ही त्याला नुसतं थोरला म्हणायचो. सूर्यमाळच्या वरच्या अंगाला आमचा पाडा आहे आणि तिथं दोघा भावांची घरं इतकी जवळ की एकानं ओट्यावरून बोलावं आणि दुसऱ्यानं अंगणातून ऐकावं. बोलायचं काम थोरल्याचं, ऐकायचं बाबाचं. मी शाळेत असताना आमच्या घरानं येशूला मानायला सुरुवात केली आणि थोरल्याला बोलायला जन्माचा विषय मिळाला.

बाबाची दारू प्रार्थनेनं सुटली, असं आमच्या घरात मानतात. थोरला म्हणायचा, "दारू सोडायला देव कशाला बदलायचा? भांडं उपडं केलं की झालं." बाबा हसायचा. मला मात्र हसू यायचं नाही. मी आधीच तिखट, त्यात शाळेतही पोरं चिडवायची. परदेशी देव, दुधाच्या पावडरीसाठी बाटलेले ख्रिस्ती, असलं काय काय. मला वाटायचं, बाबानं एकदा तरी सडेतोड उत्तर द्यावं. तो द्यायचा नाही. आमच्या पाड्यावर चार घरं प्रार्थनेला जमतात, एका पत्र्याच्या शेडमध्ये. तिथं दर रविवारी शास्त्र वाचायचं काम बाबाकडे होतं. प्रौढांच्या वर्गात अक्षरं जुळवायला शिकलेला माणूस तो. शनिवारी संध्याकाळी दोनदा-तीनदा वाचून ठेवायचा, म्हणजे रविवारी अडखळायला नको. आयुष्यात तेवढाच एक मान त्याला मिळाला होता.

मी जव्हारला शिकवायला लागले, तोवर थोरल्याच्या नातवाकडे मोबाइल आला होता. टेकडीवर एका आंब्याखाली रेंज येते. तिथं बसून आजा-नातू व्हिडिओ बघायचे आणि थोरला नवे प्रश्न घेऊन उतरायचा. एका सुट्टीत मी घरी असताना तो अंगणात येऊन बसला.

"काय गं मास्तरीण, तुमच्या शास्त्रात चार जणांनी लिहिलंय ना? एक म्हणतो, येशूच्या थडग्यावर एक बाई गेली. दुसरा म्हणतो दोन. तिसरा म्हणतो तीन. आपल्या पाड्यात बकरी हरवली तरी साक्ष एवढी फिरत नाय."

माझ्याकडे उत्तर तयार होतं. स्टाफरूममध्ये असल्या वादांना तोंड देऊन देऊन मी पुष्कळ ऐकलं-वाचलं होतं. मी म्हटलं, ज्यानं जिचं ऐकलं, तिचंच त्यानं लिहिलं. खोटंच रचायचं असतं तर चौघांनी बसून एकसारखं केलं असतं. आणि त्या काळात बायकांच्या साक्षीला किंमत नव्हती, मग बनावाला बायकाच कशाला घेतल्या असत्या?

थोरल्यानं तंबाखू मळत नीट ऐकून घेतलं. त्याची ही एक गोष्ट मला आवडायची. मग म्हणाला, "बरं. चौघांनी बसून रचलं नाय, हे पटलं. पण मेलेला माणूस उठला, हे त्यानं कसं पटंल?"

मी बाबाकडे पाहिलं तर तो म्हणाला, "दादा, ते माला पण कुणी पटवून दिलं नाय." मला इतका राग आला! म्हटलं, आपलाच माणूस असा हातपाय गाळतो तर दुसऱ्यांना काय बोलायचं? मी आत जाऊन भाकरी थापायला लागले आणि सगळा राग त्या पिठावर काढला.

गेल्या वर्षी होळीच्या आधी थोरल्यानं अंथरूण धरलं. छातीत पाणी झालं होतं. मोखाड्याला, मग जव्हारला नेलं, पण त्याला घरीच यायचं होतं. एकदा मी आणि बाबा त्याच्याजवळ बसलो होतो. त्यानं बाबाचा हात धरला आणि विचारलं, "बारक्या, माझ्या दिसाला येशील ना?"

बाबाला बारक्या म्हणणारा जगात तो एकटाच उरला होता.

दिस म्हणजे आमच्याकडचं मेलेल्या माणसाचं कार्य. भगत बसतो, वाद्य लागतं, गाणी होतात आणि मेलेला घरातल्याच कुणाच्या तरी अंगात येतो. मग तो एकेका नातेवाइकाला हाक मारतो. ज्याला हाक येईल त्यानं ओ द्यायची आणि पानाच्या द्रोणातून दारूची धार जमिनीवर सोडायची. ओ आली नाही, तर मेलेला तहानलेला वाटेत अडकतो, असं आमचे लोक मानतात. आणि आमच्या प्रार्थनेच्या मंडळीत तर दिसाला जायचं नाही, हे पाळकांनी पहिल्यापासून सांगितलेलं. बाबानंच ते कितीदा शेडमध्ये उभं राहून वाचून दाखवलं होतं.

"मी हाक मारीन," थोरला म्हणाला. "तुझा देव काय म्हणंल ते त्याला विचार. पण मी मारीन."

बाबानं नुसतं त्याचं पांघरूण सारखं केलं. पाच-सहा दिवसांत थोरला गेला. तिरडीला खांदा बाबानं दिला, त्याला मंडळीची हरकत नव्हती. प्रश्न दिसाचा होता.  आई चुलीपुढं बसून पुटपुटत प्रार्थना करायची. बाबा गेला तर त्याचं वाचन जाणार, आणि नाही गेला तर त्याचा भाऊ जाणार, दुसऱ्यांदा. मला हे दिसत होतं. साऱ्या वादांची उत्तरं जमवली होती मी, याचं एक नव्हतं.

दिसाच्या सकाळी बाबानं धुतलेला सदरा घातला आणि मला म्हणाला, "चल." हातात पितळेचा तांब्या होता, पाण्यानं भरलेला. त्या दिवसांत आमची विहीर आटली होती. टँकर आला तर आला. ते पाणी आईनं प्यायला म्हणून बाजूला ठेवलं होतं, आणि तिनंच ते तांब्यात ओतून दिलं.

थोरल्याच्या अंगणात सगळं गोत जमलं होतं. आम्हाला बघून कुजबूज झाली. थोरल्याच्या मुलानं आम्हाला बसायला गोणपाट टाकलं. ऊन चढलं, वाद्याचा सूर वाढला, आणि थोरल्याची धाकटी सून घुमायला लागली. केस सुटले, आवाज जाडा झाला. तिनं आधी मुलाला हाक मारली, मग मुलीला, मग नातवाला. एकेकानं ओ दिली, धार सोडली, रडून घेतलं. मी बघत होते आणि डोक्यात एकच चाललं होतं: हा थोरला कशावरून? ही तर सून आहे. थोरला कसा बोलायचा, तिला चांगलं ठाऊक आहे. घरात वर्षानुवर्षं ऐकलंय तिनं. याला पुरावा काय?

आणि मला धस्स झालं. हे प्रश्न माझे नव्हतेच. ते थोरल्याचे होते. आमच्या अंगणात बसून तंबाखू मळत त्यानं विचारलेले, जसेच्या तसे. ते ऐकताना आमच्या जिवाची काय तगमग व्हायची, ते मला माहीत होतं, आणि आता रडणाऱ्या त्या माणसांकडे बघून मी तेच मनात विचारत होते.

"बारक्या," त्या बाईच्या तोंडून हाक आली. "कठं हाय बारक्या?"

सगळ्यांनी आमच्याकडे वळून पाहिलं. बाबाची मान खाली होती. हाक पुन्हा आली, या वेळी जरा दमल्यासारखी. बाबा उठला. मला वाटलं, निघून जातो की काय. त्यानं टोपी काढून खिशात घातली, शेडमध्ये प्रार्थनेला काढतो तशी.

"ओ, दादा," तो म्हणाला. "हाय मी. इथंच हाय."

त्यानं दारूचा द्रोण घेतला नाही. तांब्यातलं पाणी हळूहळू जमिनीवर सोडलं, सगळं, शेवटच्या थेंबापर्यंत. भगतानं थोरल्याच्या मुलाकडे पाहिलं. मुलगा म्हणाला, "चालंल. काकाची ओ आली." मला तिथंच रडू फुटलं.

परतताना मी विचारलं, "बाबा, तो थोरलाच होता का?"

बाबानं रिकामा तांब्या या हातातून त्या हातात घेतला. मग म्हणाला, "माला नाय ठाऊक. आपल्या शास्त्रात ते बसत नाय. ओ देताना पण मी मनात विचारतच होतो, हा कशावरून? दादानं आपल्याला विचारलं तेव्हा तू चिडायचीस. त्यात चिडण्यासारखं काय होतं, पोरी? मेलेल्या माणसाचं कुणाला पटतं लगेच?" आणि थोडं पुढं गेल्यावर, "पण हाक त्याचीच होती."

रविवारी त्यानं आपणहून मंडळीपुढं सगळं सांगितलं. कुणी चुगली करायच्या आधी. पाळक चांगला माणूस आहे, त्यानं आवाज चढवला नाही. काही काळ वाचन दुसऱ्या कुणाकडे देऊ, एवढंच म्हणाला. मी भांडायला उभी राहिले तर बाबानं हातानं बस म्हणून खुणावलं. तो मागच्या भिंतीला टेकून बसला आणि तिथलाच झाला. वाचन माझ्याकडे आलं. ते मला नको होतं, पण बाबाच म्हणाला, "घे. अडखळू नको फक्त."

ईस्टरच्या पहाटे शेडमध्ये वाचायला मी उभी राहिले. भाग तोच, थडग्याचा. या लिहिणाऱ्याच्या सांगण्यात एकच बाई आहे. ती रडते आहे. मागं वळते तर येशूच उभा, पण तिला तो बागेचा माळी वाटतो. इतकी वर्षं ऐकलेलं सगळं, पण त्या दिवशी वाचताना पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं की तिनं त्याला चेहऱ्यावरून ओळखलंच नाही. पुरावा कुणी दिला नाही, तिनं मागितला नाही. त्यानं तिला हाक मारली, नावानं, आणि तेव्हा तिनं ओळखलं.

त्या ओळीवर माझा आवाज गेला. अडखळू नको म्हणाला होता बाबा, आणि नेमकी तिथंच अडखळले. पुढचं अक्षर दिसेना. 

तेवढ्यात मागच्या भिंतीकडून हळूच बाबाचा आवाज आला, "ओ."

कुणाला दिली, ते मी अजून विचारलेलं नाही. डोळे पुसले आणि पुढचं वाचलं.