आईच्या बाजूचा पट्टा

गाडीचा डावीकडचा सीट बेल्ट माझ्या भावानं दुधाच्या कॅनला बांधून खराब केला, ही गोष्ट मी आमच्या झाडून सगळ्या नातेवाइकांना सांगितलेली आहे. ज्यांना सांगायची राहिली त्यांना आता सांगते.

गाडी वडिलांची. ते गेले आणि वर्षाच्या आत भावानं ती डेअरीला जुंपली. मागची सीट काढून गोठ्यात टाकली, तिच्यावर कोंबड्या बसायला लागल्या. मागं तीन कॅन आणि पुढं डाव्या सीटवर एक. पुढची कॅन वळणावर कलंडू नये म्हणून पट्टा तिच्या कडीतून ओवायचा आणि खटक्यात अडकवायचा. रोज दोन वेळा, चार वर्षं. कडीच्या धारेनं पट्टा कातरत गेला, सांडलेलं दूध त्यात मुरून वाळत गेलं. स्वतः भावानं मात्र पट्टा कधी लावला नाही. पोलीस दिसले की तो छातीवरून ओढायचा, टोक मांडीपाशी हातात धरून बसायचा, आणि पोलीस मागं पडले की सोडून द्यायचा. आमच्या भागात निम्मे लोक असाच पट्टा लावतात आणि वर स्वतःला हुशार समजतात. म्हणजे आमच्या घराण्यात पट्टा खऱ्या अर्थानं कुणी लावला असेल तर तो दुधानं.

पुढं त्यानं पिकअप घेतली आणि गाडी माझ्या दारात आणून उभी केली. "घे आक्का, तुला गाडी," असं म्हणाला. चेहरा असा की गावाला शाळाच बांधून देतोय. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं मुलं वळवली आहेत, मला असले चेहरे कळतात. गाडी त्याला निकामी झाली होती म्हणून ती मला मिळाली.

पण मला ती हवी होती. आई माझ्याकडे असते. मी लग्न केलं नाही. भावाचं घर भिंतीपलीकडे, पण आईचं सगळं भिंतीअलीकडे. त्या वर्षी ती न्हाणीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "हे हाड परत मोडलं तर मी काही करू शकणार नाही. पडू देऊ नका, आपटू देऊ नका." व्यायामासाठी आठवड्यातून दोनदा नगरला आणायचं होतं. मागं सीट नव्हतीच, आणि असती तरी तिथं चढणं तिला जमलं नसतं. तिची जागा पुढं, डावीकडं, कॅनच्या जागी.

पहिल्या दिवशी मी पट्टा ओढला तर तो निम्मा आला आणि अडकला. आंबलेल्या दुधाचा वास आला. पापडासारखा कडक झालेला पट्टा, कडेला दोरे लोंबत होते, आणि मधोमध एवढी चीर की त्यातून माझं बोट आरपार गेलं. "ऱ्हाऊ दे गं, कुटं एवढं लांब जायाचंय," आई म्हणाली. ऐंशी पावसाळे पाहिलेल्या बाईला चाळीस किलोमीटर लांब वाटत नव्हतं. मी गाडी काढली. वाटेत प्रत्येक ब्रेकला माझा डावा हात आपोआप तिच्या छातीपुढं जात होता. नगरला पोचेपर्यंत तो हात भरून आला होता, आणि मनातल्या मनात मी भावाला जे जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही.

नगरला गाडीच्या सीटा शिवणारा एक कुशनवाला आहे. रस्त्यालगत टपरी, समोर दोन शिलाई मशिनी, टेम्पोवाल्यांची गर्दी. आईचा व्यायाम चालला होता तेवढ्यात मी गाडी त्याच्याकडे नेली. त्यानं पट्टा बघितला, बोटांत चुरगाळला आणि म्हणाला, "बाई, एवढ्यासाठी नवा कशाला? फाटका तुकडा काढतो, जोड देतो, डबल शिलाई मारतो. आपल्या हातची शिलाई हाय."

"टिकंल का?"

"म्हैस बांधा, न्हाई तुटणार."

मी घाईत होते. आई तिकडं बाकावर एकटी बसली असेल, हे डोक्यात होतं. मी हो म्हणाले. ते माझं चुकलं, आणि ते मी कबूल करते, कारण भाऊ त्याचं कधीच काही कबूल करत नाही आणि घरात एकानं तरी करायला पाहिजे. त्यानं पट्टा शिवला. शिलाई देखणी होती, सीटच्या कव्हरवर असते तशी, चौकोनात फुली काढलेली. आईला बांधून मी घरी आणलं. पण वाटभर त्या फुलीकडं माझी नजर जात राहिली. म्हैस बांधा म्हणाला होता ना? बघू की मग.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ डेअरीला गेल्यावर मी वडिलांच्या पान्यानं नट सोडले, पट्टा रिळासकट काढला आणि भिंतीपलीकडे गेले. म्हैस अर्थात त्याची. माझ्याकडं म्हैस नाही. तिचा दोर सोडला, पट्टा तिच्या गळ्यात घालून खुंट्याला आवळून गाठ मारली, जोड बरोबर मधोमध येईल असा. मग पेंडीची बादली घेऊन दहा पावलांवर उभी राहिले आणि बादली वाजवली. साठीची निवृत्त शिक्षिका, भर दुपारी, शेजाऱ्याच्या गोठ्यात पेंड वाजवत उभी. कुणी बघितलं असतं तर दोन्ही घरांची चर्चा झाली असती. म्हशीनं मान खाली घातली आणि एकच हिसका दिला. टरकन आवाज झाला. चौकोनातली फुली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उसवली.

म्हैस माझ्या बादलीकडं आलीच नाही. ती सरळ कुंपण मोडून लसूणघासाच्या वाफ्यात शिरली. हिरवा, नुकतं पाणी दिलेला, गुडघाभर घास. मला तिला बाहेर काढता आलं नाही. भाऊ आला तोवर तिचं पोट ढोलासारखं फुगलं होतं, आणि संध्याकाळपर्यंत जनावराचा डॉक्टर पोटातला वायू काढायला तिच्या कुशीत नळी घालून बसला होता. म्हैस वाचली. भाऊ मात्र भिंतीवरून ओरडला ते सगळ्या आळीनं ऐकलं.

"येडी झाली का तू? पट्टा तपासाया माझी म्हस घावली व्हय?"

"चार वर्षं तुझ्या कॅनीला बांधला होतास, तेव्हा कुणी तपासला?"

"मी गाडी दिली, ती चुकी केली!"

"कोंबड्यांनी घाण केलेली सीटसुद्धा दिली नाहीस!"

"आता आईला न्हाई तर कुनाला बी बांध. तुझ्या पट्ट्याला मी परत हात लावनार न्हाई. लावला तर बापाचं नाव सांगनार न्हाई."

त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद झालं. आई मधे पडली नाही. ती पलंगावर बसून दोघांचं ऐकत होती. मग एवढंच म्हणाली, "म्हशीला काय म्हनायचं, तिला तर भूक लागली हुती."

मी तो उसवलेला पट्टा नेऊन कुशनवाल्याच्या मशीनवर टाकला. "म्हैस सुटली," म्हणाले.

तो हसायला लागला. "बाई, खरंच बांधली? आवो, म्हशीचा जोर केवढा! तुमची म्हातारी काय म्हशीएवढी हाय का?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "गाडी थांबली तरी माणूस थांबत नाही," मी म्हणाले. "साठच्या वेगानं पुढं जाणारी माझी आई त्या वेळी तुमच्या म्हशीला भारी पडेल. तुम्ही कुणाकुणाचे पट्टे असे शिवलेत?"

टेम्पोवाले बघायला लागले. त्याचं हसणं थांबलं. "लोकं म्हनत्यात शिव, आमी शिवतो," तो म्हणाला. "चौकीपुरता पायजे असतो सगळ्यांना. तुमाला खरा लागत असंल तर कंपनीचा मागवा, मी बसवून देतो." हे त्यानं पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं. पण पहिल्या दिवशी मी नव्याचं विचारलंही नव्हतं.

जुन्या गाडीचा पट्टा यायला तीन आठवडे लागले. तेवढे दिवस मी दुसऱ्यांच्या गाड्यांसाठी हात पसरले, भाऊ सोडून सगळ्यांपुढं. शेवटी पट्टा आला, नवा, काळा, रीळ आणि खटक्यासकट. ओढला की सुळकन यायचा, हिसडला की जागच्या जागी थांबायचा. कुशनवाल्यानं तो बसवला आणि तेलाची बाटली उचलली. "खटका कडक हाय, थेंबभर तेल सोडतो. म्हातारीच्या बोटाला बरं."

"तेल घालायचं नाही," मी म्हणाले.

"आवो, तिला सोडता येनार न्हाई."

"नाही आला सोडता तरी चालेल. मी सोडीन."

आईला तो पट्टा पहिल्या दिवसापासून आवडला नाही. "जनावरासारखी दावनीला बांधती मला," म्हणायची. सांधेदुखीनं वाकड्या झालेल्या बोटांनी ती वाटभर खटक्याचं लाल बटण दाबत बसायची. ते दबायचं नाही. मी ते बघायची आणि गाडी चालवत राहायची.

ईस्टरच्या सकाळी भाऊ कडक इस्त्रीचा शर्ट घालून दारात आला. माझ्याशी नाही, आईशी बोलला. "चल आई, नगरला चर्चला नेतो." सहा महिन्यांत त्यानं तिला एकदाही दवाखान्यात नेलं नव्हतं. पण ईस्टरला सगळा गोतावळा चर्चच्या दारात उभा असतो, आणि मुलगा आईला हाताला धरून उतरवतोय हे त्या दारात दिसायला हवं होतं. पिकअपची पायरी उंच, म्हणून त्याला माझी गाडी पाहिजे होती. आईनं किल्ली माझ्या उशाखालून काढून त्याच्या हातात दिली. मागं सीट नाही, तिसऱ्याला जागा नाही. मी एस.टी.नं यायचं ठरलं, म्हणजे कुणी ठरवलं नाही, तसं झालं.

मी गाडीपाशी गेले, वाकले, आईला पट्टा लावला. खटका वाजला. भाऊ स्टेअरिंगवर बोटं वाजवत समोर बघत होता. त्याचा पट्टा दाराजवळच्या खांबाला लोंबत होता. मी त्याला लाव म्हणाले नाही. आमचं बोलणं बंद होतं.

एस.टी. अर्ध्या तासानं आली. नगरच्या अलीकडच्या फाट्याला गर्दी दिसली म्हणून ड्रायव्हरनं गाडी हळू केली. खिडकीतून आधी रस्ताभर पसरलेले कांदे दिसले. मग कांद्याची ट्रॉली. मग तिच्या मागच्या फळीखाली बॉनेट घालून उभी असलेली पांढरी गाडी, माझी. मी एस.टी. थांबायच्या आत उतरले. कशी उतरले ते आठवत नाही.

भाऊ रस्त्याच्या कडेला बसला होता. तोंडाला धरलेला रुमाल लाल झाला होता. त्याच्या समोरची काच कपाळाएवढ्या गोलात तडकली होती. मी त्याच्यापाशी थांबले नाही. डावीकडचं दार उघडलं. आई सीटवर ताठ बसली होती, चष्मा नव्हता, पदर सरकलेला. मला बघून म्हणाली, "सोडव गं आधी. कवाची बसलीया." मी दोन्ही अंगठ्यांनी ते लाल बटण दाबलं.

खुबा शाबूत होता. एक्स-रेचा फोटो बघून डॉक्टर दोनदा म्हणाले, शाबूत आहे. आईच्या खांद्यापासून कमरेपर्यंत पट्ट्याएवढा रुंद निळा-काळा वळ उठला होता. भावाचे पुढचे दोन दात गेले, ओठाला टाके पडले. तिसऱ्या दिवशी तो भिंतीपाशी आला आणि टाक्यांतून बोलायला लागला. "बघ तुझ्या पट्ट्यानं आईची काय दशा केली. सगळी काळीनिळी झालीया."

माझ्याकडं उत्तर तयार होतं. चार वर्षांचं दूध, कोंबड्या, हातात धरलेला पट्टा, सगळं ओळीनं लावून ठेवलेलं. मी तोंड उघडलं आणि आतून पलंगावरून आई बोलली.

"त्याला नगं बोलू. म्या त्याला वाटंत दोनदा म्हनलं हुतं, सोड रे बाबा हा, गळ्याला काचतोय. तर म्हनला, तिनं बांधलाय, तीच सोडंल. मी हात लावनार न्हाई."

भिंतीपलीकडं भाऊ वळला आणि गोठ्याकडं गेला.

त्याची भाषा मी चांगली ओळखते. हे त्यानं प्रेमानं केलं नव्हतं आणि शहाणपणानं तर नाहीच. मी त्याची म्हैस सोडली त्याचा राग होता तो, मला धडा शिकवायला जपून ठेवलेला. तेवढ्या रागानं आमची आई जागच्या जागी राहिली. मी मऊ बोलले असते, माफी मागितली असती, तर त्या फाट्याच्या आधी त्यानं बटण दाबलं असतं.

आता कुणी बघायला आलं की विचारतं, एवढ्या धडकेत म्हातारी वाचली कशी? मी सांगते, नवा पट्टा होता, खटका कडक होता, मी तेल घालू दिलं नाही. आई पलंगावरून माझ्याकडं बघत असते. भावाचं नाव मी अजून एकदाही घेतलेलं नाही.